वाईन विकायचीच, तर मळ्यावर विकू द्या

माझे वडील, म्हणजे नाना, माळकरी. निफाड तालुक्यात पस्तीस वर्षं द्राक्षबाग करतात, पण दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. या फेब्रुवारीत आई-नानांना घेऊन मी दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीत गेले, तेव्हा "मी गाडीतच बसतो, तुम्ही जाऊन या," असं नानांनी घरूनच बजावलं होतं. पोचलो तर समोर खुडा चाललेला. नानांनी गाडीचं दार उघडलं आणि सरळ बागेत शिरले. घडातला एक मणी तोंडात टाकला, चावला, बी तळहातावर काढून उलटसुलट करून पाहिलं. आमच्याकडे सगळा माल बिनबियांचा, त्यामुळे त्यांना त्या बीचंच अप्रूप. "गोडी साडेतेवीस असेल," ते म्हणाले. वायनरीच्या मालकांनी खिशातून रसातली साखर मोजणारं ब्रिक्स मीटर काढलं, काचेवर मण्याचा रस पिळला आणि उजेडाकडे धरलं. तेवीस पूर्णांक आठ. मग पुढचा पाऊण तास ते दोघं भुरी-डावणी या रोगांवर आणि छाटणीच्या तारखांवर बोलत राहिले. नाना गाडीत परत गेलेच नाहीत.

मी तिथे गेले ती एक प्रश्न डोक्यात घेऊन. महाराष्ट्रात वाईन कुठे विकावी यावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं शंभर चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांना फायदा व्हावा, हे कारण पुढे केलं गेलं. त्यावर राज्यभर रान उठलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारनं लोकांकडून हरकती-सूचना मागवायचं ठरवलं, पुढे सरकारच बदललं आणि निर्णय अमलात आला नाही. त्या सगळ्या गदारोळात दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होत्या. मी शेतकऱ्याची मुलगी आहे आणि मला त्या भांडणात आमच्या घरातलं कुणी दिसलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे: वाईन सुपरमार्केटच्या कपाटात नको. पण जो आपल्या बागेतल्या द्राक्षांची वाईन आपल्या मळ्यावर करतो, त्याला ती मळ्यावर चाखवायला आणि विकायला सरकारनं मोकळा, स्वस्त आणि सोपा रस्ता द्यावा.

आधी शेतकऱ्याच्या फायद्याचं पाहू. ७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षं लागतात. म्हणजे दुकानात बाटली आठशेला विकली गेली काय किंवा हजाराला, द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातात येतात ते त्या एक-सव्वा किलोचे पैसे, आणि तेही करारात ठरले असतील तेवढेच. बाटल्या दुप्पट विकल्या म्हणून त्याचा किलोमागचा भाव दुप्पट होत नाही. शिवाय महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांचा फारच थोडा हिस्सा वायनरीत जातो. बाकीचा माल खायला जातो, निर्यात होतो, नाहीतर बेदाण्याच्या शेडमध्ये जातो. बहुतेक द्राक्ष शेतकऱ्यांचा वाईनच्या धोरणाशी काडीचा संबंध येत नाही. अवकाळी पाऊस, औषधांचे भाव आणि पैसे बुडवून पळणारा व्यापारी, या आमच्या चिंता. त्यामुळे "द्राक्ष उत्पादकांसाठी" म्हणून सुपरमार्केट उघडणं मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

ज्यांचा संबंध आला, त्यांचं काय झालं हे मी जवळून पाहिलं आहे. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले, उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या, वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. माझ्या मामांनी २००६ मध्ये दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, काढून वाईनची जात लावली. एका कंपनीशी करार होता, भाव कागदावर होता, मामा खुशीत होते. खायच्या द्राक्षासाठी करतात तसं घड जीएत, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधात, बुडवणं, मणी विरळणं, मण्याचा आकार आणि रंग सांभाळणं, हे सगळं इथे नाही. वाईनच्या द्राक्षाला मणी बारीक असलेलाच बरा. पहिली दोन पिकं छान गेली. मग २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. २००९ च्या हंगामात कंपनीनं कळवलं, टाक्या रिकाम्या नाहीत, माल उचलता येणार नाही.

वाईनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही, हे त्या वर्षी आमच्या अख्ख्या घराला कळलं. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत दोन-तीन बिया. खायला कुणी घेत नाही आणि बियांमुळे बेदाण्यालाही चालत नाही. व्यापारी बांधावरूनच परत जायचे. मामांनी महिनाभर वाट पाहिली. घड वेलीवर सुकले, त्यांच्यावर मधमाश्या आणि माश्या घोंगावू लागल्या. मग एक दिवस त्यांनी बागेला कुऱ्हाड लावली. आदल्या वर्षीचे राहिलेले पैसेही आले नाहीत. जिल्ह्यात असे कितीतरी जण होते, ज्यांनी बागा काढून पुन्हा थॉमसन लावली. तेव्हापासून मामांसमोर आम्ही कुणी वाईनचा विषय काढत नाही.

म्हणूनच दिंडोरीतल्या त्या घराकडे जाऊन पाहायची मला ओढ होती. नऊ एकर बाग, बागेच्या कडेला पत्र्याची उंच शेड, शेडला लागून घर. मालक, म्हणजे भाऊ, टाक्या सांभाळतात, त्यांची बायको, म्हणजे वहिनी, आलेल्या लोकांना वाईन चाखवतात आणि बिलं करतात, वहिनींच्या सासूबाई जेवणाचं बघतात. त्यांनीही २००९ मध्ये मार खाल्ला होता. फरक एवढाच, की त्यांनी बाग काढली नाही. कर्ज काढून दोन टाक्या आणल्या. "माल कुणी घेईना, मग आपणच घेतला," वहिनी म्हणाल्या. मुख्य गोष्ट इथे आहे. द्राक्ष विकणारा शेतकरी करारावर जगतो. स्वतः वाईन करणारा शेतकरी निदान वाट तरी पाहू शकतो. द्राक्ष चार दिवस थांबत नाही, वाईन वर्ष-दोन वर्षं थांबते.

भाऊंनी आम्हाला आधी शेडमध्ये नेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पांढऱ्या वाईनच्या टाकीला हात लावला तर बर्फासारखी गार. पांढऱ्या वाईनचा रस पंधरा-सोळा अंशांवर सावकाश आंबवायचा, नाहीतर वास उडून जातो. त्यासाठी चिलर रात्रंदिवस चालतो, आणि लाईट गेली की पहिल्या पाच मिनिटांत जनरेटर लावायला कुणीतरी पळतं. रात्री ती पाळी भाऊंची. लाल वाईनच्या टाकीत साली रसावर तरंगून जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीनदा लांब दांड्यानं खाली दाबावा लागतो, तेव्हा रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. आईनं टाकीत डोकावून वास घेतला आणि म्हणाली, "इडलीच्या पिठासारखा येतोय." भाऊ खूश झाले. यीस्ट काय करतं हे ते पंधरा मिनिटं समजावणार होते, ते आईनं एका वाक्यात उरकलं.

मग टेस्टिंग. लांब लाकडी टेबल, समोर पाच ग्लास, प्रत्येकात तीस मिली. शेजारी मातीचं एक भांडं. वहिनींनी पहिल्यांदा त्याच्याबद्दल सांगितलं: तोंडात घोळवायची, चव कळली की इथे थुंकायची, कुणी नावं ठेवणार नाही. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनला पिकल्या पेरूचा वास होता. दुसरी पांढरी, सोव्हिन्यो ब्लां, नाकाशी नेली तर ढोबळी मिरची नुकती चिरल्यासारखं वाटलं. शिराझ ही लाल वाईन तोंडात धरली आणि जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते, तशीच झाली. "हे सालीचं आणि बियांचं," वहिनी म्हणाल्या. दीड तासात मी चार घोट गिळले असतील. त्या दीड तासात छाटणीपासून बुचापर्यंत जे ऐकलं, ते बाटलीच्या लेबलवर मावणारं नाही. मधेच सासूबाईंनी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा आणून ठेवला. त्यांच्या मते वाईनबरोबर चीज खायची गरज नाही. मला ते पटलं. आंबटसर पांढऱ्या वाईनबरोबर खमंग थालीपीठ लागतं फार छान.

सुपरमार्केट आणि मळा यांतला फरक मला त्या टेबलाशी बसून नीट कळला. सुपरमार्केटचं कपाट मोठ्या कंपनीसाठी असतं. तिथे जागा मिळवायची तर ठोक माल हवा, उधारी सोसायची ताकद हवी, दुकानदाराला टक्केवारी हवी, सवलतीच्या योजना हव्यात. वर्षाला दहा-पंधरा हजार बाटल्या करणारं कुटुंब तिथे उभंच राहू शकत नाही. मोठ्यांबद्दल मला आकस नाही. राजीव सामंतांनी सुला ही वाईन कंपनी उभी केली, २००५ मध्ये नाशकात वायनरीतच टेस्टिंग रूम उघडली, आणि वायनरी ही जाऊन बघायची जागा आहे हे लोकांना पहिल्यांदा कळलं. त्या वाटेवरून आज छोट्यांकडेही पाहुणे येतात, हे ऋण मान्य करायला हवं. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा देशी वाईनच्या बाजारातला तिचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याचं तिनंच मांडलं होतं. अशा बाजारात कपाटं वाढवली, तर ती कुणाच्या बाटल्यांनी भरतील हे सांगायला ज्योतिषी नको. कुटुंबाच्या वायनरीला कपाट नको, पाहुणा हवा. पाहुणा मळ्यावर आला तर मधला कुणी नसतो, पैसे त्याच दिवशी हातात पडतात, आणि माणूस ओळखीचा होऊन जातो.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ऑस्ट्रियात १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफनं हुकूम काढला, की शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेला माल आणि स्वतः केलेली वाईन आपल्या घरी विकायला हरकत नाही. तिथे आजही अशी घरं आहेत. त्यांना 'हॉयरिगर' म्हणतात. दारावर हिरवी फांदी टांगली की समजायचं, वाईन तयार आहे. जर्मनीत याच धर्तीवर शेतकऱ्याला वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, आपली वाईन आणि साधं जेवण देता येतं. मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादांमुळेच ती सवलत मोठ्या हॉटेलवाल्याच्या घशात जात नाही. आपल्या धोरणात नेमकी हीच गोष्ट नाही. दहा हजार बाटल्यांचं घर आणि लाखो बाटल्यांचा कारखाना यांच्यासाठी वेगळा विचार हवा. मूल्यवर्धित करातला मोठा हिस्सा वायनऱ्यांना परत देण्याची योजना राज्यानं राबवली. पण परतावा विक्रीच्या प्रमाणात मिळतो, म्हणजे जो जास्त विकतो त्याला जास्त.

मग काय हवं? स्वतःच्या किंवा गावशिवारातल्या द्राक्षांची, ठरावीक लिटरपर्यंत वाईन करणाऱ्यांसाठी एकच परवाना हवा. बनवणं, चाखवणं, मळ्यावर विकणं, सगळं त्यात यावं. त्याचं शुल्क उत्पादनाच्या मानानं असावं. लेबलची नोंदणी दर राज्यात वेगळी करावी लागते, ते आपल्या हातात नाही, पण निदान आपल्या राज्यात तरी छोट्यांच्या लेबलचा बोजा हलका करता येईल. आणि मळ्यावरच्या विक्रीला अटी घाला, मी त्याच्या पूर्ण बाजूनं आहे. संध्याकाळी ठरावीक वेळेला बंद, माणशी नमुन्यांची संख्या ठरलेली, जेवण ठेवलंच पाहिजे, थुंकायचं भांडं ठेवलंच पाहिजे.

अटी हव्यात, कारण वाईन दारूच आहे. २०२२ च्या वादात "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य किती जणांनी किती वेळा म्हटलं असेल! मला त्या वाक्याचा राग येतो. वाईनमध्ये बारा-साडेबारा टक्के, कधी चौदा टक्केही अल्कोहोल असतं, बिअरपेक्षा जास्त. ती हृदयाला चांगली असते, हेही आता सोडून द्यायला हवं. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. तीस मिलीचे पाच नमुने पूर्ण प्यायले तर पोटात पंधरा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं. सडपातळ माणसाच्या रक्तात तेवढ्यानं शंभर मिलीला तीस मिलीग्रॅमची वाहनचालकांसाठीची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मुंबईहून दीडशेवर किलोमीटर गाडी हाकत येणाऱ्यांना हे दारातच सांगायला हवं.

आणि ज्या बायकांनी गावोगावी 'आडवी बाटली'साठी रांगा लावल्या, त्यांच्याशी खोटं बोलायचा अधिकार कुणालाही नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. हा हक्क त्यांनी भांडून मिळवला, त्यातल्या कित्येकींनी घरी मार खाऊन मिळवला. आमच्या बागेत खुड्याला येणाऱ्या एका मावशींच्या नवऱ्याचा शनिवारचा पगार घरी कधी पोचलाच नाही. त्या मावशी किराणा घेतात त्याच दुकानात, तेलाच्या पिशव्यांशेजारी बाटल्यांचं कपाट उभं करायचं आणि वर सांगायचं की ही दारू नाही, हे मला सहन होत नाही. आज छोट्या शहरांतही मोठी दुकानं आली आहेत. शंभर चौरस मीटर म्हणजे फार मोठी जागा नव्हे.

यावर कुणी म्हणेल, मग मळ्यावर तरी का? विकायचीच नको. गडचिरोली आणि वर्ध्यात दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं होती, ते लोक काही वेडे नाहीत. त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. राज्यघटनेचं ४७ वं कलमही त्यांच्या बाजूनं आहे. पण जोपर्यंत राज्य दारूच्या महसुलावर चालतं आणि रस्त्याच्या कडेला देशीची दुकानं उघडी आहेत, तोपर्यंत सगळ्यात कडक नजर नऊ एकरवाल्या कुटुंबावर ठेवून काय साधतं? टेबलाशी बसून, जेवणाबरोबर, दीड तासात दीडशे मिली आणि तीही बऱ्याच अंशी थुंकायच्या भांड्यात, ही पिण्याची रीत गुत्त्यावरच्या रितीहून वेगळी आहे. ती पैशावाल्यांची रीत आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला टोचतो.

तो टोचतो, कारण त्या बागेत खुडा करणाऱ्या बायका पेठ-सुरगाण्याकडच्या होत्या. त्यांच्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या मोहाची दारू गाळली जाते. देवाला ती लागते, लग्नात लागते. ती घरी गाळली की गुन्हा. त्याच बायकांनी खुडलेल्या द्राक्षांची दारू मात्र धोरण, अनुदान आणि भौगोलिक मानांकन मिळवते. गोव्यानं आपल्या फेणीला वारसा पेय म्हणून मान दिला, मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला कायद्यात जागा करून दिली. मळ्यावर स्वतःची वाईन विकायचा हक्क मी मागते आहे, तो कधीतरी पाड्यापर्यंतही जायला हवा. तेही शेतकरीच आहेत, त्यांच्याकडे फक्त टेस्टिंग रूम नाही.

आम्ही निघायच्या बेतात होतो, तेव्हा एक गाडी आली. पाच मुलं, पंचविशीच्या आतबाहेरची. वाटेत कुठेतरी जेवून आणि पिऊन आली होती. त्यांना टेस्टिंग नको होतं, बागही बघायची नव्हती. "सहा बाटल्या द्या, पार्सल," एवढंच. वहिनींनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि गाडी कोण चालवतंय ते विचारलं. जो पुढे आला त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, बाटल्या मी देणार नाही. आणि तू गाडी चालवायची नाहीस." मुलगा चिडला. पैसे देतोय ना, म्हणाला. आवाज चढला तशा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि काही न बोलता दारात उभ्या राहिल्या. भाऊंनी शेजारच्या मळ्यातल्या ओळखीच्या ड्रायव्हरला फोन केला. तो मोटरसायकलवर येईपर्यंत अर्धा तास ती मुलं पायरीवर बसून होती. सासूबाईंनी त्यांना उरलेलं थालीपीठ खायला दिलं. मग ड्रायव्हरनं त्यांची गाडी काढली आणि त्यांना नाशिकला सोडायला घेऊन गेला.

नानांनी हे सगळं बागेच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं. परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होते. मोहाडी मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "आपल्या मामांना एकदा इकडे आणायचं का?"